पडदा गेला, यंत्र उरले

आपल्याकडे घरातले यंत्र बिघडले की आपण ते ‘गेले’ असे म्हणतो. मिक्सर गेला, पंखा गेला, फ्रिज गेला. पण याच बोलीत एकेकाळी एक बारकावाही होता. ‘टीव्ही गेला’ आणि ‘टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली’ या दोन वेगळ्या बातम्या असत. पहिलीवर मेकॅनिकला बोलावणे जाई, दुसरीवर घरात खर्चाची चर्चा सुरू होई. तीच गोष्ट ‘टू-इन-वन’ची. टेपचा बेल्ट सैल पडला, कॅसेट गुंतू लागली, तरी सकाळी सातच्या बातम्या त्याच खोक्यातून पुढे वर्षानुवर्षे ऐकू येत. एका खोक्यात दोन यंत्रे आहेत आणि एकाबरोबर दुसऱ्याने सती जायचे कारण नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे.

‘ऑल-इन-वन’ संगणकाच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण हरवून बसलो. ज्यांचा या शब्दाशी परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो. नेहमीच्या संगणकात टेबलावर पडदा आणि टेबलाखाली डबा असतो. ऑल-इन-वनमध्ये तो डबा पडद्याच्याच पाठीत बसवलेला असतो. समोरून पाहिले तर नुसता पडदाच दिसतो, आणि म्हणून पडद्याला तडा गेला की पाहणारा म्हणतो, ‘संगणक गेला.’ प्रोसेसर, मेमरी, डिस्क हे सगळे धडधाकट असलेले यंत्र भंगाराच्या गाड्यावर चढते.

मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नाही. जुनी मराठी नियतकालिके शोधणे, त्यांच्या सूची करणे हा माझा गेल्या पंचवीस वर्षांचा उद्योग. संगणकाच्या इतिहासाकडे मी या उद्योगाच्या वाटेनेच आलो, कारण आता आपला बराचसा जुना मजकूर कपाटांत नसून जुन्या यंत्रांत आहे. संगणकाचे इतिहास प्रोसेसरच्या वेगाबद्दल, कंपन्यांच्या चढाओढीबद्दल भरभरून सांगतात. मला ज्याचा इतिहास सांगायचा आहे ते यंत्राच्या पाठीवरचे एक लहानसे भोक आहे. चित्राला यंत्रातून बाहेर पडायला ठेवलेले मागचे दार. ते आहे की नाही, आणि असले तर कोणत्या बाजूला उघडते, यावर पडदा गेलेल्या यंत्राचे पुढचे आयुष्य ठरते.

उसना पडदा

आधी यंत्राची रचना थोडक्यात पाहू. पडद्यावर दिसणारे चित्र पडद्यात तयार होत नाही. ते संगणकाच्या मेमरीत तयार होते आणि विजेच्या संकेतांच्या रूपाने एका केबलमधून पडद्याकडे जाते. सुट्या संगणकात ही केबल टेबलामागे लोंबकळताना दिसते. ऑल-इन-वनमध्ये ती पोटात दडलेली असते. बिघडलेल्या ऑल-इन-वनचा सगळा प्रश्न या एका केबलचा आहे. तिच्यातले चित्र बाहेर आणता आले तर यंत्र जिवंत, नाही तर मुके.

पहिल्या पिढीतल्या यंत्रांना हे दार होते. आयबीएमने सप्टेंबर १९७५ मध्ये ‘५१००’ नावाचा संगणक बाजारात आणला. तो ‘उचलून नेण्याजोगा’ म्हणवला जाई. वजन मात्र सुमारे २५ किलो. कळफलक, टेप आणि अवघ्या ५ इंचांचा पडदा हे सारे एकाच पेटीत होते. एवढ्या पडद्यावर एकट्या माणसाचे काम भागेल, पण चार जणांना काही दाखवायचे तर अडचण. त्यामुळे मागच्या बाजूला मोठा मॉनिटर जोडण्यासाठी एक जोडणी ठेवलेली होती.

१९७७ मध्ये कमोडोर कंपनीचा ‘पेट’ आला. ९ इंचांचा पडदा आणि पत्र्याची पेटी. या पेटीचे वरचे झाकण मोटारीच्या बॉनेटसारखे उघडत असे आणि बॉनेटला असतो तसाच आधाराचा दांडाही आत होता. मालकाने आत डोकावणे त्यात गृहीत होते. त्याच्या मागच्या एका जोडणीवर चित्राचे संकेत सुटे सुटे मिळत. हौशी लोकांनी दोन-चार सुट्या भागांचे छोटे सर्किट जुळवून ते एकत्र केले आणि बाहेरच्या मॉनिटरवर चित्र आणले. १९८१ च्या ‘ऑसबॉर्न १’ची किंमत १,७९५ डॉलर होती. त्याच्या ५ इंची पडद्यावर एका ओळीत ५२ अक्षरे मावत. त्यालाही बाहेरच्या मॉनिटरसाठी जोडणी होती.

या तिन्ही यंत्रांत मागचे दार ठेवले गेले ते पडदा मरेल या विचाराने नव्हे, तर पडदा लहान आहे म्हणून. पण दार एकदा असले की त्याचा उपयोग कशासाठी करायचा हे मालक ठरवतो. आतली नळी अंधारली तरी बाहेरच्या मॉनिटरवर ही यंत्रे काम देत.

बंद पेटी

२४ जानेवारी १९८४ रोजी अ‍ॅपलचा ‘मॅकिंटॉश’ आला आणि ही चाल बदलली. या प्रकल्पाला १९७९ मध्ये जेफ रास्किन यांनी सुरुवात केली होती. १९८१ मध्ये त्याची सूत्रे स्टीव्ह जॉब्ज यांच्याकडे गेली. घरातल्या उपकरणासारखा, तारांचे जंजाळ नसलेला संगणक ही त्यामागची कल्पना. ९ इंचांचा काळा-पांढरा पडदा, त्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके, १२८ किलोबाइट मेमरी, किंमत २,४९५ डॉलर. ठिपक्यांचा गुणाकार केला तर १,७५,१०४ होतो. प्रत्येक ठिपक्याला एक बिट, म्हणजे त्या तुटपुंज्या मेमरीतला जवळजवळ सहावा हिस्सा नुसत्या चित्रासाठी राखलेला. इतके ज्या चित्राचे महत्त्व, त्याला बाहेर पडायला मात्र दार ठेवले नाही.

पेटीही बंद होती. वरच्या मुठीच्या खोलगट जागेत दोन स्क्रू इतके आत बसवलेले, की लांब दांड्याचा आणि चांदणीसारख्या टोकाचा खास पेचकस लागे. पेटीच्या आतल्या भिंतीवर ती बनवणाऱ्यांच्या सह्या ओतलेल्या होत्या. चित्रकार चित्राखाली सही करतो तशा त्या होत्या. फरक एवढाच, की त्या मालकाला कधी दिसू नयेत अशा जागी होत्या.

या यंत्रातला दुर्बळ भाग होता आतला उभा बोर्ड. वीजपुरवठा आणि चित्रनळी चालवणारी यंत्रणा अशी दोन्ही कामे त्याच्यावर सोपवलेली. सुरुवातीच्या मॉडेलांत पंखा नव्हता. तापून आणि थंड होऊन, तापून आणि थंड होऊन, वर्षांच्या वापराने त्या बोर्डावरच्या डागाच्या जोडांना बारीक भेगा पडत. मग एके दिवशी सगळे चित्र आक्रसून पडद्याच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ उरे, किंवा काहीच उरत नसे. संगणक मात्र चालू असे. फ्लॉपीचा खरखराट ऐकू येई, कळ दाबली की आत काम होई. बाहेर कळत काहीच नसे. दृष्टी गेलेल्या नव्हे, चेहरा झाकलेल्या माणसासारखी ती अवस्था.

दोन बोर्डांमधल्या केबलवर चित्राचे संकेत असतच. ते बाहेर काढणे हौशी मंडळींना सुचले, पण साध्या टीव्हीला ते पचत नव्हते. टीव्हीचा किरण सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या रेघा ओढतो, मॅकिंटॉशचा सुमारे २२,२००. त्यामुळे खास जुळणी लागे.

इथे इतिहासाने एक मौज केली आहे. १९८६ मध्ये ‘रेडियस’ नावाची कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांत बरेल स्मिथ आणि अँडी हर्ट्झफेल्ड होते. स्मिथ म्हणजे मॅकिंटॉशचा मुख्य बोर्ड रचणारे, हर्ट्झफेल्ड म्हणजे त्याच्या मूळ सॉफ्टवेअरचा मोठा भाग लिहिणारे. त्यांच्या कंपनीचे पहिले उत्पादन कोणते? या बंद पेटीला बाहेरून जोडायचा, छापील पानाएवढा उभा पडदा. पेटीच्या आतल्या भिंतीवर ज्यांच्या सह्या, त्यांनीच पुढे तिला दार पाडले. मार्च १९८७ मध्ये अ‍ॅपलनेही पडदा सुटा असलेला ‘मॅकिंटॉश २’ आणला.

जुन्या बंद पेट्यांचे मग काय झाले? त्यांतल्या काहींची मत्स्यपेटी झाली. अँडी इनाटको या अमेरिकी लेखकाने रिकाम्या मॅकिंटॉशमध्ये काचेची टाकी बसवण्याची सविस्तर कृती लिहिली आणि ‘मॅक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. जिथे चित्र दिसे तिथे आता मासे फिरू लागले. हाही पुनर्वापरच, आणि देखणा. पण त्यात कुडी राहते आणि प्राण काढून टाकला जातो. मला ज्या पुनर्वापराची आस्था आहे तो याच्या उलट: चेहरा गेला तरी प्राण कामाला लावायचा.

आत उघडणारे दार

अ‍ॅपलने ऑल-इन-वनची कल्पना सोडली नाही. १५ ऑगस्ट १९९८ रोजी निळसर पारदर्शक ‘आयमॅक’ विक्रीला आला. १५ इंची चित्रनळी, १,२९९ डॉलर. ऑक्टोबर १९९९ मध्ये आलेल्या ‘आयमॅक डीव्ही’ला मागे बाहेरच्या मॉनिटरसाठी जोडणी मिळाली. तिच्यातून आतल्या चित्राची फक्त नक्कल बाहेर येई. दोन पडद्यांवर दोन वेगळी कामे करता येत नसत. ज्यांना दोन पडदे हवे होते ते यावर नाराज होते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने नक्कल हीच मोलाची, कारण आतली नळी मेली तरी तिच्यावर जे दिसायचे ते सगळे जसेच्या तसे बाहेर दिसे.

जानेवारी २००२ मध्ये आलेल्या आयमॅकचे रूप वेगळेच होते: पांढरा अर्धगोल, त्यातून निघालेला चकचकीत दांडा आणि दांड्यावर तरंगणारा सपाट पडदा. त्या दांड्यातून वर जाणारे संकेत पुढे सर्वत्र रूढ झालेल्या डीव्हीआय पद्धतीचेच आहेत. म्हणून आजही हौशी लोक त्याच्या अर्धगोलातला जुना संगणक काढून तिथे आजचा छोटा संगणक बसवतात आणि तोच पडदा वापरतात. येथे आयुष्य आधी संपले संगणकाचे, पडद्याचे नव्हे.

ही दुसरी बाजूही विसरता कामा नये. ऑल-इन-वन म्हणजे वेगवेगळ्या आयुर्मानाच्या दोन वस्तूंचे लग्न. कोण आधी जाईल ते सांगता येत नाही. २००९ च्या अखेरीस आलेल्या २७ इंची आयमॅकने हे जणू मान्य केले. त्याचे दार दोन्ही बाजूंनी उघडे. त्यातून चित्र बाहेर जाई, आणि दोन कळा एकदम दाबल्या की दुसऱ्या संगणकाचे चित्र आतही येई. म्हणजे संगणक जुना झाला तरी त्याचा २,५६० बाय १,४४० ठिपक्यांचा उत्तम पडदा नव्या यंत्राच्या सेवेला हजर. २०११ पासून ही सोय अरुंद झाली. थंडरबोल्ट जोडणी असलेल्या मॅकचेच चित्र आत घेतले जाऊ लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘फाइव्ह-के’ पडद्याचा आयमॅक आला आणि आत उघडणारे दार त्याला ठेवलेच नाही.

यामागे केवळ व्यापारी डाव होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. हिशेब करून पाहा. ५,१२० गुणिले २,८८० म्हणजे १,४७,४५,६०० ठिपके. प्रत्येकाला रंगाचे २४ बिट, आणि सेकंदाला ६० चित्रे. गुणाकार येतो २१ अब्ज बिटांच्या वर. त्या वेळी प्रचलित असलेल्या जोडणीतून सेकंदाला प्रत्यक्षात १७ अब्जांच्या आसपास बिट जात. दारापेक्षा पाहुणा मोठा झाला होता. पण पुढे दारे मोठी झाली, तरी ती सोय काही परत आली नाही. हेही नोंदवले पाहिजे.

याच काळात आणखी एक बदल झाला. २००७ ते २०११ च्या आयमॅकची पुढची काच लोहचुंबकांनी धरलेली असे. रबरी चूषक लावून ओढली की हातात येई. २०१२ च्या अखेरीस कडेला ५ मिलिमीटर जाडीचे मॉडेल आले, त्यात काच आणि पॅनेल एकजीव झाले आणि ते पेटीला चिकटपट्टीने डकवले गेले. चित्र बाहेर काढायचे दार राहिले, पण पडदा बदलायचे दार जवळजवळ बंद झाले. म्हणजे ज्या काळात पडदा दुरुस्त करणे अवघड झाले, त्याच काळात पडदा मेलेले यंत्र बाहेरच्या मॉनिटरवर चालवणे हा राजमार्ग ठरला.

नाडीपरीक्षा

आपल्याकडच्या शाळा, वाचनालये आणि कचेऱ्यांत ऑल-इन-वन आले ते बहुधा विंडोजवाले, निरनिराळ्या कंपन्यांचे. त्यांच्याविषयी जे शिकलो ते लॅमिंग्टन रोडच्या आणि पुण्याच्या तापकीर गल्लीच्या दुकानांत उभे राहून. ते थोडक्यात मांडतो, कारण या विद्येअभावी चांगली यंत्रे मरतात.

पहिला प्रश्न: मेले कोण? यंत्र सुरू केल्यावर पंखा फिरतो, डिस्कचा दिवा लुकलुकतो, विंडोजचा स्वर ऐकू येतो, तर संगणक जिवंत आहे. मग खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपा टॉर्च मारायचा. फिकट चित्र दिसले तर पॅनेलही जिवंत. फक्त त्याच्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेला आहे. ती दुरुस्ती बरीच स्वस्त. काहीच दिसले नाही, किंवा शाई सांडल्यासारखे डाग आणि तडे दिसले, तर पॅनेल गेले.

दुसरा प्रश्न मागच्या दाराचा, आणि इथे चकवा आहे. अनेक ऑल-इन-वनच्या पाठीवर एचडीएमआयचे भोक असते. पण काहींत ते चित्र बाहेर सोडणारे असते, काहींत आत घेणारे, म्हणजे व्हिडिओ गेमचे खोके किंवा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडण्यासाठी. आकार तोच, केबलही तीच. शेजारी बारीक अक्षरांत ‘इन’ की ‘आउट’ लिहिलेले असते, तेवढीच खूण. आत घेणाऱ्या भोकाला मॉनिटर जोडून काही दिसत नाही म्हणून ‘मदरबोर्डही गेला’ असा निकाल दिला गेल्याचे मी दुकानात पाहिले आहे.

तिसरा प्रश्न यंत्राच्या समजुतीचा. तडा गेलेले पॅनेल आपल्याला निरुपयोगी दिसते, पण यंत्राला ते जोडलेलेच दिसत असते. म्हणून ते पासवर्डची चौकट त्या मेलेल्या पडद्यावरच दाखवत राहते आणि बाहेरच्या मॉनिटरवर नुसता कोरा रंग येतो. यावरचा उपाय एखाद्या वैद्याला शोभेल असा साधा आहे: पाठ उघडून पॅनेलकडे जाणारी केबल उपटून ठेवायची. आतला पडदा नाहीच असे कळले की बहुतेक यंत्रे निमूटपणे बाहेरच्या मॉनिटरला मुख्य मानतात. मात्र हे सपाट पडद्यांपुरते. चित्रनळीच्या जुन्या यंत्रात वीज बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो. ते काम जाणत्याचेच.

जिथे चित्र बाहेर काढायचे दारच नसते तिथे पडद्याचा नाद सोडून नेटवर्कची केबल जोडतात आणि दुसऱ्या संगणकावरून त्या यंत्राला हाक मारतात. फायली साठवणे, छपाईची कामे वाटणे, स्कॅन केलेली पाने ठेवणे या कामांना चेहरा लागत नाही. उलट पॅनेल जिवंत आणि संगणक मेलेला असेल, तर त्या पॅनेलच्या क्रमांकाला जुळणारे एक छोटे नियंत्रक कार्ड मिळते. ते लावले की ऑल-इन-वनचा नुसता मॉनिटर होतो.

एका सूचीची गोष्ट

हे सारे काटकसरीचे उद्योग वाटतील. ते तेवढेच नाहीत, हे मला दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी कळले.

तिथल्या जुन्या वाचनालयात एका ग्रंथपाल बाईंनी अकरा वर्षे खपून संग्रहातल्या नियतकालिकांची लेखवार सूची केली होती. ‘मनोरंजन’, ‘विविधज्ञानविस्तार’, ‘रत्नाकर’, ‘यशवंत’. कोणत्या अंकात कोणाचा कोणता लेख, कोणत्या पानावर. ज्या दिवाळी अंकांच्या परंपरेत हा लेख आपण वाचत आहात ती १९०९ साली ‘मनोरंजन’नेच सुरू केली, तेव्हा अशा सूचीचे मोल या वाचकांना वेगळे सांगायला नको. सूची कागदावर नव्हती. ती वाचनालयाच्या एका ऑल-इन-वनवर, एका स्थानिक तरुणाने लिहून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये होती. बाई निवृत्त झाल्या आणि पुढे वारल्या. नंतरच्या उन्हाळ्यात भिंतीवरची संस्थापकांची तसबीर खाली आली ती थेट पडद्यावर.

दुरुस्तीला आलेल्या माणसाने पाहून सांगितले, “साहेब, डिस्प्ले गेला. या मॉडेलचं पॅनेल आता येत नाही. नवीनच घ्या.” तो खोटे बोलत नव्हता; त्याच्या कंपनीच्या यादीत ते पॅनेल खरोखरच नव्हते. कार्यकारिणीने यंत्र मोडीत काढण्याचा ठराव केला. तेव्हा तिथल्या साहाय्यक ताईंनी मला फोन केला. “दादा, बाईंची सूची त्याच्यातच आहे हो. भंगारवाला सोमवारी येणार आहे.”

जाणकार विचारतील, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला का लावली नाही? लावता आली असती, आणि फायली दिसल्याही असत्या. वाचता आल्या नसत्या. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे प्रत्येक मराठी फॉन्टची लिपी वेगळी होती. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले, आणि कोणता तुकडा कुठे हे ज्याचे त्याने ठरवलेले. तो फॉन्ट नसेल तर ‘केशवसुत’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. त्यात हा प्रोग्रॅम ‘हार्डवेअर लॉक’वाला, म्हणजे मागे खोचलेली एक लहान किल्ली आणि त्या यंत्रावर केलेली मांडणी या दोन्ही असल्या तरच उघडणारा. लिहून देणारा तरुण परदेशी गेलेला. ती सूची वाचू शकणारे यंत्र जगात एकच होते, आणि ते सोमवारी किलोच्या भावाने जाणार होते.

मी रविवारी पोचलो. सुरू केल्यावर विंडोजचा स्वर आला. टॉर्चच्या उजेडात नुसते तडे. पाठीवरचे भोक मात्र ‘आउट’ निघाले. शेजारच्या सायबर कॅफेतून मॉनिटर आणला. अपेक्षेप्रमाणे त्यावर कोरा निळा रंग. स्टँडवर मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा आला, त्याने पाठ उघडली, पॅनेलची केबल सोडवली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. बाहेरच्या मॉनिटरवर पासवर्डची चौकट उगवली. पासवर्ड ताईंना ठाऊक होता. बाईंनी तो त्यांच्याच मुलीच्या नावाने ठेवला होता. प्रोग्रॅम उघडला आणि ‘मनोरंजन’च्या नोंदी अकारविल्हे उभ्या राहिल्या.

त्यानंतर दोन दिवस सगळी सूची पानापानाने छापील स्वरूपात फायलींत उतरवून घेतली. पुढे सहा महिने लागले ते ती युनिकोडमध्ये आणायला. त्या फॉन्टचा तक्ता मी अक्षर-अक्षर ताडून तयार केला. जोडाक्षरांनी फार छळले. ते यंत्र आजही वाचनालयात आहे. मेलेले पॅनेल काढून टाकल्याने हलके झाले आहे, शेजारी जुना मॉनिटर आहे, आणि इंटरनेट मुद्दाम जोडलेले नाही. एखादी नोंद शंकास्पद वाटली की मूळ प्रोग्रॅममध्ये जाऊन ताडून पाहता येते. संशोधनात मूळ प्रत जपायची असते. येथे मूळ प्रत म्हणजे ते चालते यंत्र.

वजनाचा हिशेब

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. भारतात या विषयाचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले, २०१६ मध्ये ते बदलले आणि सध्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत पुनर्चक्रण करणाऱ्याप्रमाणेच यंत्र नव्याने वापरण्याजोगे करणाऱ्यालाही स्थान आहे, ही चांगली गोष्ट. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने ही त्याची क्षेत्रे.

पण या साऱ्या हिशेबाचे माप वजन हे आहे. किती टन निघाले, किती टन परत आले. एका ऑल-इन-वनचे वजन सात-आठ किलो, आणि त्यातल्या सूचीचे वजन शून्य. भंगारवाल्याच्या काट्यावर आणि सरकारी तक्त्यात ही दोन यंत्रे सारखीच: एक रिकामे आणि एक बाईंची अकरा वर्षे पोटात असलेले.

म्हणून ज्यांच्या हाती वाचनालये, शाळा, छापखाने, संस्थांच्या कचेऱ्या आहेत त्यांना माझे सांगणे आहे. नवे ऑल-इन-वन घेताना पडदा किती इंची आहे हे विचाराल तेव्हा पाठीवर ‘आउट’ आहे का, हेही विचारा आणि लिहून घ्या. जुन्या यंत्रात मराठी मजकूर कोणत्या प्रोग्रॅममध्ये आणि कोणत्या फॉन्टमध्ये आहे याची चिठ्ठी यंत्राच्या पाठीवर चिकटवा. पासवर्ड दोन माणसांना ठाऊक असू द्या. पडदा गेला तर मोडीत काढण्याचा ठराव करण्यापूर्वी एक संध्याकाळ, एक टॉर्च आणि एक उसना मॉनिटर एवढा खर्च करा.

त्या तालुक्याच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने आपला ठराव पुढे मागे घेतला. इतिवृत्तात तशी नोंद आहे, आणि खाली कारणाच्या रकान्यात एवढेच लिहिले आहे: ‘यंत्र चालू स्थितीत आढळल्याने.’